केसरीनाथचे बहात्तर ठोके

केसरीनाथ म्हात्र्यांच्या हृदयात काहीतरी बिघाड आहे, ही बातमी त्यांना स्वतःला सोमवारी सकाळी अकराला कळली. भिवंडीतल्या त्यांच्या कामतघर वस्तीला ती पावणेअकरालाच कळली होती. नाक्यावरच्या डॉक्टरांनी नळी छातीला लावून भुवया वर चढवल्या, त्या पडद्याच्या फटीतून बाहेरच्या बाकावरच्या मंडळींनी पाहिल्या, आणि त्या मंडळींपैकी एकाजवळ सायकल होती. भुवया खाली येईपर्यंत सायकल निघाली होती.

"हृदयाचा ताल सुटलाय," डॉक्टर म्हणाले. "एट्रियल फिब्रिलेशन. वरच्या कप्प्यांनी नीट आकुंचन पावायचं, तर ते नुसते थरथरतायत."

"सव्वीस वर्षं सरकारी नोकरी झालीय डॉक्टर. थरथरणारच."

डॉक्टर हसले नाहीत. जो डॉक्टर विनोदाला हसत नाही, त्याच्यापुढे माणूस खरा आजारी होतो. त्यांनी रोज एक पांढरी गोळी लिहून दिली, ठाण्याला जाऊन कार्डिओग्राम काढायला सांगितला, चहा दोन कपांवर आणला आणि दारापर्यंत येऊन बजावलं, "मला विचारल्याशिवाय दुसरं काही घेऊ नका."

हे शेवटचं वाक्य केसरीनाथांच्या एका कानातून शिरलं. पुढे ते कुठे गेलं, याची नोंद नाही.

आजाराची वेळच वाईट होती. १९७४ सालचा जानेवारी चालू होता, आणि एक एप्रिलपासून केसरीनाथ सूत-वाटप कचेरीचे हेडक्लार्क व्हायचे होते. या पदाचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्या कचेरीत हेडक्लार्कच्या खुर्चीला हात होते. बाकी कोणाच्याच खुर्चीला नव्हते. सव्वीस वर्षं केसरीनाथांनी आपले दोन्ही हात कधी मांडीवर, कधी टेबलावर, तर कधी अर्जदाराच्या खांद्यावर ठेवून काढली होती. आता त्या हातांना बसायला जागा मिळायची होती. अडचण एकच. सिव्हिल सर्जनच्या सहीचं तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट. ते मिळालं नाही, तर खुर्ची आठ महिन्यांनी कनिष्ठ असलेल्या सावळारामकडे जाणार होती. सावळाराम हा मनाने इतका चांगला माणूस, की त्या दिवसापासून तो रोज सकाळी केसरीनाथांच्या तब्येतीची चौकशी करून मगच खुर्चीकडे बघायचा.

गोळी घेऊन केसरीनाथ घरी आले आणि तळहातावर ठेवून तिच्याकडे बघत बसले. साबुदाण्याच्या दाण्याहून थोडी मोठी. केसरीनाथांचं वजन एकोणऐंशी किलो. एवढ्या माणसाने एवढ्याशा गोळीवर विसंबायचं?

अनंताशेठ केमिस्टलाही नेमकं हेच वाटत होतं. "गोळी रोगाशी भांडते, म्हात्रेसाहेब," तो म्हणाला. "पण भांडणाऱ्याला खुराक नको? आखाड्यात उपाशी पैलवान सोडता का तुम्ही?" आणि त्याने शार्क माशाच्या लिव्हरच्या तेलाची बाटली, यीस्टच्या गोळ्या, ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणि लोहाचं टॉनिक अशी फौज काउंटरवर उभी केली. केसरीनाथांनी ती सगळी घेतली. अनंताशेठने पिशवी फुकट दिली. पिशवीवर शार्कचं चित्र होतं. मासा तब्येतीने उत्तम दिसत होता.

पुढे शेजार आला. शेजारच्या खोलीतल्या ठकुबाई केसरीनाथांच्या आईच्या वयाच्या. त्यांनी टेमघरच्या कोणा चिंधूची हकिगत सांगितली. "त्याचा पन काळीज आसाच फडफडं. रोज लसणीच्या सात पाकल्या कच्च्या खाल्ल्या. सा म्हयन्यांत उभा ऱ्हायला."

"आता कसा आहे?"

"आता न्हाय तो. पन गेला तवा उभा व्हता."

सात पाकळ्या सुरू झाल्या. कचेरीतल्या तुळशीरामने गव्हाच्या कोवळ्या अंकुरांचा रस सुचवला. त्यासाठी गॅलरीत पाच ट्रेमध्ये गहू पेरला गेला. खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, त्यामुळे हवेत सुताची तूस कायम उडत असायची. ती अंकुरांवर बसून चौथ्या दिवशी शेतात बर्फ पडल्यासारखं दिसू लागलं. रस काढला तो गाळताना फडक्यावर वातीच्या वाती जमल्या. रंगूबाईंनी त्या वाळवून देवापुढे लावल्या. रंगूबाई म्हणजे केसरीनाथांच्या पत्नी. घरातली कुठलीही वस्तू वाया न घालवणं हे त्यांचं ब्रीद, आणि त्या यादीत नवऱ्याचा क्रमांक बराच वरचा होता.

"अवो, डॉक्टरानं हे समदं सांगितलं हाय का?"

"डॉक्टर रोगाचं बघतो. मी प्रकृतीचं बघतोय."

"मग दोघं एकमेकांशी बोला तरी."

केसरीनाथ बोलले नाहीत. त्यांना बसवतच नव्हतं. सकाळी उठले की गॅलरीत, गॅलरीतून कपाटाशी, कपाटाशी बाटली हलवून पुन्हा गॅलरीत. कोणी "कसं काय?" म्हटलं तरी हात आपोआप मनगटाकडे जायचा.

मनगटाचं प्रकरण असं, की केसरीनाथ हाडाचे कारकून होते. नोंद नसलेली गोष्ट घडली यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी लांब वही आणली, रकाने आखले: तारीख, वार, काय घेतलं, किती घेतलं, नाडी. रोज सकाळी सात वाजता भिंतीला टेकवलेल्या टेबलाशी बसायचं, डावं मनगट टेबलावर पालथं टाकायचं, उजव्या हाताचा अंगठा गच्च दाबायचा, आणि घड्याळ समोर ठेवून मोजायचं.

पहिल्या दिवशी बहात्तर आले. दुसऱ्या दिवशी बहात्तर. तिसऱ्या दिवशी बहात्तर. तेही कसे, तर परेडमधल्या पोलिसांसारखे, एकामागे एक. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. मधूनच एखाद्या वेळी नाडी मिनिटभर सापडायची नाही, पण अंगठा सरकला असेल म्हणून केसरीनाथ पुन्हा दाबायचे, आणि पुन्हा बहात्तर हजर.

केसरीनाथांचे डोळे भरून आले. रंगूबाईंना वाटलं लसूण लागली.

शुक्रवार उजाडला आणि सगळं फिसकटलं. नाडी दोनदा धावायची, एकदा दम खायची, मग तीन ठोके एकदम टाकायची. चौऱ्याऐंशी. शनिवारी उशिरा मोजली, पुन्हा बहात्तर. पुढच्या शुक्रवारी शहाऐंशी.

आता इथे दुसऱ्या कोणाही माणसाने हात टेकले असते. केसरीनाथांनी वहीचे रकाने तपासले, आणि दोष हातोहात सापडला. गुरुवारी त्यांचा उपास. वीस वर्षांचा, दत्ताचा. उपासाला माशाचं तेल चालत नाही, म्हणून गुरुवारी शार्कला सुट्टी. आणि गुरुवारी शार्क नाही, की शुक्रवारी हृदय बेताल! असा लख्ख पुरावा कचेरीच्या एकाही फायलीत त्यांना सव्वीस वर्षांत मिळाला नव्हता.

मग दोन दिवस धर्मसंकटात गेले. शेवटी त्यांनी देवळातल्या पुजाऱ्यांना आडून विचारलं, की समजा एखादा मासा स्वतः न येता फक्त त्याचं तेल आलं, तर उपास मोडतो का. पुजारी बराच वेळ विचार करून म्हणाले, "तेल कशाला हवंय, त्यावर आहे." "जगायला," केसरीनाथ म्हणाले. "मग घ्या," पुजारी म्हणाले, "पण प्रसादाला हात लावण्याआधी धुवा."

वीस वर्षांचा नेम मोडून गुरुवारी दोन चमचे तेल पोटात गेलं. शुक्रवारी अठ्ठ्याऐंशी. म्हणजे दोन चमचे पुरत नाहीत. पुढच्या गुरुवारी चार.

बाकीच्या दिवशी मात्र बहात्तरचा मुक्काम हलेना. तेव्हा केसरीनाथांच्या मनात एक सरळ प्रश्न आला. नाडी जर खुराकाने ठीक आहे, तर ती साबुदाण्याएवढी गोळी करते काय? कचेरीतही जो माणूस काही करत नाही, त्याच्या नावापुढे शेरा मारायची पद्धत होती. फेब्रुवारीच्या मध्याला त्यांनी वहीत शेरा मारला, 'गोळी बंद', आणि ठाण्याच्या कार्डिओग्रामलाही त्याच शेऱ्यात गुंडाळलं.

खुराक आपल्या मार्गाने काम करतच होता. लोहाच्या टॉनिकने दात काळे केले. केसरीनाथ हसले की सावळाराम काळजीने जवळ यायचा. "साहेब, मशेरी लावायला लागलात की काय? आमची आजी लावायची." तेव्हापासून केसरीनाथ तोंड मिटून हसू लागले, त्यामुळे अर्जदारांना वाटायचं साहेब काहीतरी लपवतायत. यीस्टने पोटात एक स्वतंत्र खातं उघडलं. वरून तपासणीला आलेल्या साहेबांपुढे केसरीनाथ सूत-कोट्याचे आकडे वाचत असताना त्या खात्याने इतका दीर्घ आवाज काढला, की साहेबांनी वर बघून विचारलं, "काही म्हणालात?" "नाही साहेब," केसरीनाथ म्हणाले. "मग हरकत काय आहे?" साहेब म्हणाले आणि कोट्यावर सही केली. सावळारामने मात्र तारीख टिपून ठेवली.

मग कोणीतरी सुचवलेल्या गाजराच्या रसाने तळहात पिवळे पडले तेव्हा कचेरीत कावीळ जाहीर झाली, आणि केसरीनाथांचा पाण्याचा पेला सर्वानुमते वेगळा ठेवण्यात आला. हा घाव खोल गेला. माणसाला काविळीचा संशय सहन होतो; वेगळा पेला सहन होत नाही.

खरं तर त्यांना बरंही वाटत नव्हतं. जिना चढताना मध्येच थांबावं लागे. निजताना डाव्या कुशीवर छातीत कोंबडी पोत्यात घातल्यासारखं व्हायचं. पण सकाळी सातला वही म्हणायची बहात्तर, आणि वहीपुढे छातीचं काय चालणार? छातीवर कोणाची सही नव्हती.

अकरा मार्चला ठाण्याहून पत्र आलं. तपासणीची तारीख एकोणतीस मार्च. वार शुक्रवार.

केसरीनाथ पत्र हातात धरून घरभर तीनदा फिरले. मग त्यांनी अर्ज केला, की तपासणी शुक्रवार सोडून अन्य कोणत्याही वारी व्हावी. तिसऱ्या दिवशी कचेरीतून फोन लावला, तेव्हा पलीकडच्या कारकुनाने विचारलं, "शुक्रवारी काय अडचण?"

"शुक्रवारी माझी तब्येत बरी नसते."

"मग बरोबर आहे की. इथे तब्येतच बघतात," पलीकडचा म्हणाला. "आणि तंदुरुस्ती फक्त शुक्रवारीच असते. बाकीचे वार अपंगत्व आणि वयाचे दाखले." फोन ठेवला गेला. केसरीनाथांना त्या कारकुनाचा राग आला नाही. त्याच्या जागी त्यांनीही हेच उत्तर दिलं असतं, फक्त लेखी.

त्या संध्याकाळी ते खाली खलीलकडे गेले. खलील खालच्या कारखान्याचा मालक आणि मिस्त्रीही. बारा लूम होत्या त्याच्या, आणि त्यातली कुठली बिघडली हे तो गल्लीच्या टोकावरून कानाने सांगायचा. केसरीनाथांची आणि त्याची एकोणीस वर्षांची ओळख. बोलायचं तर बाहेर जिन्याशी येऊन बोलायचं, कारण आत ओरडावं लागतं.

"खलील, शुक्रवारी माझी नाडी बिघडते. दर शुक्रवारी. फक्त शुक्रवारी."

खलीलने कपाळावरचा घाम पुसला. "जुम्मे को? अरे साहेब, जुम्म्याला तर माझी लूम पन बंद. सुट्टी हाय. तुमचा दिल बी सुट्टी मागतो काय?" तो हसला, मग केसरीनाथांचा पिवळा तळहात बघून हसायचा थांबला. "कशी मोजता? दाखवा जरा."

दोघे वर आले. केसरीनाथ टेबलाशी बसले, मनगट पालथं टाकलं, अंगठा दाबला. खलीलने आधी केसरीनाथांकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग टेबल ज्या भिंतीला टेकलं होतं तिच्याकडे. त्याने टेबलावर नुसती दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

"किती आले?"

"बहात्तर."

"हां. बसा आसंच. उठू नका," खलील म्हणाला आणि जिना उतरून गेला.

केसरीनाथ मोजत राहिले. एकतीस, बत्तीस, तेहेतीस. चौतिसावा आला नाही. त्यांनी अंगठा दाबला. काही नाही. अजून दाबला. मनगट टेबलावर शांत पडलं होतं.

"रंगू," केसरीनाथ म्हणाले. आवाज त्यांना स्वतःला दुरून आल्यासारखा वाटला. "मी गेलो."

"जाताय तर कोथमीर आना," आतून उत्तर आलं.

"तसा नाही. नाडी बंद पडली."

रंगूबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. तेवढ्यात नाडी सुरू झाली. बहात्तरच्या चालीने, कशी ठणठणीत! "आली," केसरीनाथ म्हणाले. पाच मिनिटांत ते आणखी दोनदा वारले आणि दोनदा परत आले. तिसऱ्या खेपेला रंगूबाई म्हणाल्या, "एकदाचं काय ते ठरवा. तवा जळतोय."

खलील वर आला, तो पायरीवरच बसला. त्याला हसू आवरत नव्हतं, आणि हसावं की नाही हेही कळत नव्हतं.

"साहेब, ही नाडी तुमची न्हाय. ही माझी बारा नंबर हाय. ह्या भिंतीला लागूनच उभी हाय खाली. दांडा एकदा डावीकडून सूत नेनाऱ्या धोट्याला ठोसा मारतो, एकदा उजवीकडून. मिनिटाला एकशेचव्वेचाळीस मारतो. भिंतीकडची बाजू डावी. किती झाले डाव्या अंगाचे?"

"बहात्तर," केसरीनाथ म्हणाले. हिशेबात ते कधीच चुकत नसत.

"आणि मधे मधे जी सापडत नव्हती..." त्यांनीच विचारलं.

"धागा तुटला की लूम थांबवतात. गाठ मारली की चालू," खलील म्हणाला. "तवा बाकीच्या अकरांच्या थरथरीत तुमची सापडत न्हाय. जुम्म्याला सगळ्याच बंद, म्हनून सापडते."

एकोणीस वर्षं त्या आवाजावर झोपलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही. भिवंडीत लूम चालते तेव्हा कोणाला कळत नाही. थांबते तेव्हा सगळी गल्ली दचकून उठते. केसरीनाथांनी वही पुढे ओढली. दोन महिने, सुबक अक्षर, तांबड्या शाईच्या रेघा. आणि त्यात बारा नंबरच्या लूमची प्रकृती दिवसावारी नोंदलेली. लूम ठणठणीत होती. तिला काही झालेलं नव्हतं.

मग त्यांनी भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध उभं राहून मनगट धरलं. कोंबडी पोत्यातच होती.

रंगूबाईंनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि तवा उतरवला. "चला," त्या म्हणाल्या. "सगळ्या बाटल्या घ्या. वही पन."

नाक्यावरचे डॉक्टर बंद करायच्या बेतात होते. केसरीनाथांनी टेबलावर तेरा बाटल्या आणि डबे मांडले आणि सगळं सांगितलं, मुद्देसूद, कचेरीत खुलासा देतात तसं. डॉक्टर यावेळीही हसले नाहीत. त्यांनी नळी लावली, बराच वेळ लावली. मग बाटल्या एकेक करून बाजूला सरकवल्या.

"हे आणि हे नुसतं पैशाचं पाणी. यीस्टचं तुम्हाला माहीत आहे. लोह तुम्हाला कमी नव्हतं. आणि ह्या तेलाचे चार-चार चमचे? यकृतावर किती ताण पडतो, माहिती आहे? गोळी कुठाय?"

"बंद केली. फेब्रुवारीत."

डॉक्टरांनी वही उघडली, पानं उलटली आणि त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं. "म्हात्रे, वहीत खरे आकडे फक्त शुक्रवारचे. बघा. गोळी चालू होती तेव्हा चौऱ्याऐंशी, शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी. बंद केल्यावर एकशे चार. एकशे दहा. गेल्या शुक्रवारी एकशे अठरा. तुमचा शुक्रवार बिघडत नव्हता. शुक्रवार एकटा खरं बोलत होता."

केसरीनाथांनी वही मिटली. मग हळूच विचारलं, "खुर्ची जाईल?"

"आधी माणूस राहू दे. कार्डिओग्राम उद्या. गोळी आत्ता. बाकी सगळं बंद."

"लसूण?"

"भाजीत."

केसरीनाथांनी ती गोळी डॉक्टरांच्या समोर, रंगूबाईंनी धरलेल्या पाण्याने घेतली. पेला दवाखान्याचा होता, सगळ्यांचा. त्यांना ते बरं वाटलं.

पुढचे पंधरा दिवस ते टेबलापाशी फिरकले नाहीत. एकोणतीस मार्चला ठाण्याला सिव्हिल सर्जनने छाती तपासली, कार्डिओग्राम उजेडात धरला, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. शेजारच्या खोलीत सावळाराम बसला होता. तो सोबत म्हणून आला होता. सर्जन लिहीत असताना केसरीनाथ टेबलाला हात लागू नये म्हणून दोन्ही हात हवेत धरून उभे होते.

"हात का वर?"

"सवय, साहेब."

सर्टिफिकेटवर लिहिलं होतं: नाडी अनियमित, औषधाने आटोक्यात, बसून करायच्या कामास योग्य.

सावळारामने ते दोनदा वाचलं. "बसून करायचं काम," तो म्हणाला. हेडक्लार्क बसण्यापलीकडे काय करतो, याचं उत्तर कचेरीत कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला वाद घालता आला नाही. परतीच्या एसटीत त्याने केसरीनाथांना खिडकी दिली.

खुर्ची मिळाली. तिचा डावा हात जरा डगमगतो, हे बसल्यावर कळलं.

राहिलं तेल. अर्धा डझन बाटल्या कपाटात, आणि रंगूबाई काही वाया घालवणाऱ्या नव्हेत. एके दिवशी संध्याकाळी केसरीनाथ घरी येताना जिन्याशी थबकले. कारखान्यातून बोंबलाच्या हंगामातल्या कोळीवाड्यासारखा वास येत होता. आत खलील बारा नंबरच्या सांध्यांत बाटलीतून थेंब थेंब सोडत होता.

"भाभीने दिला," तो ओरडून म्हणाला. "एकदम भारी तेल हाय साहेब! मलमलसारखी चालते. फक्त व्यापारी म्हनतो, कापडावरून मांजरं हटत न्हायत."

केसरीनाथांनी भिंतीवर हात ठेवला. एका मिनिटाने काढला.

"किती?" खलीलने विचारलं.

"बहात्तर."

"आणि तुमची?"

केसरीनाथ भिंतीपासून चार पावलं मागे सरले, उजेडात आले, आणि मनगट छातीशी धरून घड्याळ बघत उभे राहिले. ओठ हलत होते. मध्ये एकदा थांबले, एकदा घाई केली.

"एक्याऐंशी," ते म्हणाले. "मध्ये दोनदा अडखळली." आणि मग तोंड उघडून, काळ्या दातांची पर्वा न करता हसले. "पण माझी आहे."